‘शुद्ध’ इंजिनाची भाकडकथा

१/
गाडीप्रेमींच्या मांडवात एक वाक्य हल्ली मंत्रासारखे म्हटले जाते : ‘खरे इंजिन नॅचरली ॲस्पिरेटेडच, टर्बो ही सरकारी नियमांनी लादलेली भेसळ.’ स्पोर्ट्स कार घ्यायचा विषय निघाला, मग ती नवी असो वा वापरलेली, की पहिला सल्ला हाच मिळतो. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे. त्याचा पूर्वार्ध आवडीचा प्रश्न आहे आणि आवडीशी माझे भांडण नाही. उत्तरार्ध मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, आणि त्याची किंमत अखेर गाडी घेणाराच मोजतो.

२/
आधी फरक समजून घेऊ. नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे बोलण्यातले ‘एनए’ इंजिन, भोवतालच्या वातावरणाच्या दाबावर जेवढी हवा आत येईल तेवढीच घेते. टर्बो इंजिनात बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून आत ढकलते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक-तृतीयांश भाग धुरावाटे वाया जातो. त्यातला थोडा परत कामाला लावण्याची ही युक्ती आहे. यात अशुद्ध काय, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

३/
ही युक्ती प्रदूषणाच्या नियमांमधून जन्मली, असे सांगणाऱ्यांनी सन पाहावे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी धुरावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट १९०५ साली घेतले. तेव्हा उत्सर्जनाचे नियम नव्हते आणि त्यांची चाहूलही नव्हती. प्रश्न होता वाया जाणाऱ्या उष्णतेचा. थोड्याच वर्षांत त्यात दुसरा प्रश्न मिसळला : उंचीचा.

४/
विमान वर जाते तशी हवा विरळ होते आणि एनए इंजिनाचा दम तुटतो. १९१८ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे १४,००० फुटांवर, चढवून तपासले. समुद्रसपाटीला साधारण ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर साधारण २३० वर आले. टर्बो जोडताच ते पुन्हा साडेतीनशेच्या आसपास पोहोचले. हरवलेला श्वास परत देणे, हे टर्बोचे पहिले मोठे काम. भेसळ कशाला म्हणावे याचाही काही विवेक असावा.

५/
रस्त्यावरच्या मोटारीत टर्बो आला तो अमेरिकेत, १९६२ साली : ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर. जेटफायरमध्ये ३.५ लिटरच्या व्ही-८ मधून २१५ अश्वशक्ती काढली होती. मात्र दाबलेल्या तप्त हवेत पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. गिऱ्हाइके ती टाकी भरायची विसरत. गाडी फार चालली नाही. टर्बोवरचा पहिला डाग हा असा गैरसोयीचा होता. नैतिक डाग पुढे पडला.

६/
तो पडला जर्मनीत. १९७३ साली बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो आणली. तिची एनए बहीण २००२ टीआयआय १३० अश्वशक्तीची. टर्बोची शक्ती १७०. पुढच्या बंपरखालच्या पट्टीवर नाव उलट्या अक्षरांत रंगवलेले, म्हणजे पुढे चाललेल्याला आरशात ते सुलट वाचता यावे आणि त्याने वाट सोडावी! त्याच शरद ऋतूत तेलसंकट कोसळले. पेट्रोलची टंचाई असताना ही मिजास कोणाला रुचणार? टीका झाली, मागणी आटली, आणि जेमतेम १,६७२ गाड्यांनंतर प्रकरण संपले. दोष रंगवलेल्या अक्षरांचा होता, काळाचा होता. बदनाम मात्र टर्बो झाला.

७/
मग आली ती गाडी जिच्यावर सगळी दंतकथा उभी आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने ९११ टर्बो, कारखान्याच्या भाषेत ९३०, मांडली. ३ लिटर, २६० अश्वशक्ती. त्याच वेळची एनए कॅरेरा २.७ लिटर आणि २१० अश्वशक्तीची. म्हणजे टर्बो की एनए, हा आजचा प्रश्न एकाच सांगाड्यावर तेव्हाच उभा राहिला होता. आणि ९३० ने चालकांना असे धडे दिले की इंग्रजी जगात तिचे टोपणनावच ‘बायकांना विधवा करणारी’ असे पडले.

८/
हे का झाले? दाबलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ६.५:१ इतका खाली ठेवावा लागला होता. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली. एकच मोठा टर्बो, चारच गिअर, इंटरकूलर नाही. वळणात पाय दाबला की क्षणभर काही नाही, मग सगळी शक्ती एकदम. मागची चाके घसरू लागली की चालक घाबरून पाय काढी. इंजिन मागे असल्याने शेपूट आणखी फिरे. या विलंबाला आपण ‘टर्बो लॅग’ म्हणतो. तो खरा होता, धोकादायकही होता. पण तो १९७४ च्या तंत्राचा दोष होता.

९/
आज थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारले जाते, मिश्रण आतून थंड होते आणि टर्बो असूनही रेशो १०:१ पर्यंत नेता येतो. २००६ च्या ९११ टर्बोत धुराच्या वाटेतली पाती वेगानुसार कोन बदलू लागली. कमी फेऱ्यांत लहान टर्बोसारखी, जास्त फेऱ्यांत मोठ्या टर्बोसारखी. लॅग शून्य झाला असे मी म्हणणार नाही. पण ९३० ची गोष्ट सांगून आजच्या टर्बोला नाकारणे म्हणजे पणजोबांच्या कर्जासाठी पणतूला कोर्टात खेचणे आहे.

१०/
आता शर्यतीकडे वळू, कारण ‘शुद्धते’चे सर्वांत मोठे देऊळ तिथे आहे. १९६६ पासून फॉर्म्युला वनचा नियम होता : एनए असेल तर ३ लिटर, दाबयंत्र असेल तर १.५ लिटर. अकरा वर्षे सर्वांनी ३ लिटरच निवडले. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला रेनॉ दीड लिटरचे टर्बो इंजिन घेऊन उतरली. इंजिन वारंवार वाफ सोडत बंद पडे, म्हणून तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले गेले. १९७९ साली दिजाँला तीच किटली जिंकली. पुढच्या काही वर्षांत टर्बोशिवाय जिंकणे जवळपास अशक्य झाले.

११/
मग काय झाले? नियमकर्त्यांनी टर्बोचा दाब आणि इंधन यांवर मर्यादा घातली. १९८८ साली तेवढ्या मर्यादेतही मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८९ पासून टर्बोवर सरळ बंदी आली. आज ज्या व्ही-१० आणि व्ही-१२ यांच्या किंकाळ्या आठवून लोकांचे डोळे पाणावतात, ते सुवर्णयुग या बंदीनंतरचे आहे. नीट पाहा : एनए इंजिन ट्रॅकवर हरले होते, त्याला गादी परत मिळाली ती नियमपुस्तकामुळे. टर्बो नियमांनी लादला म्हणणाऱ्यांनी आपल्या देवाच्या प्राणप्रतिष्ठेचा हा दाखलाही वाचावा.

१२/
नियम उलट दिशेनेही ढकलतात. इटलीत २ लिटरवरच्या इंजिनांच्या गाड्यांवर ३८ टक्के मूल्यवर्धित कर होता. त्याखाली तो बराच कमी. म्हणून फेरारीने ३०८ चे इंजिन छाटून २ लिटरची एनए २०८ काढली. शक्ती साधारण १५५. फेरारीच्या मानाने ती इतकी मंद की १९८२ साली त्याच इंजिनाला टर्बो जोडून ती २२० वर नेली. फेरारीची रस्त्यावरची पहिली टर्बो गाडी अशी जन्मली. बापाचे नाव : इटालियन करखाते. मग २०८ ची ती मंद एनए शुद्ध आणि ही वेगवान टर्बो अशुद्ध, असे म्हणणार का?

१३/
हीच कथा पुण्याजवळ चाकणलाही घडली. गाडी स्पोर्ट्स कार नव्हती एवढाच फरक. २००६ पासून भारतात ४ मीटरपेक्षा लहान आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेल्या मोटारींना कमी उत्पादन शुल्क लागले. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातल्या पोलोला आधी १.६ लिटरचे एनए इंजिन मिळत असे : १०५ अश्वशक्ती, १५३ न्यूटन-मीटर टॉर्क. ते गेले आणि २०१३ मध्ये १.२ लिटरची टर्बो जीटी आली : अश्वशक्ती तीच १०५, टॉर्क मात्र १७५. करामुळे टर्बो आला, हे खरे. पण त्याने गाडी बिघडली, असे म्हणणारा पोलोवाला मला भेटायचा आहे.

१४/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मी टाळणार नाही. २००९ साली युरोपीय संघाने कायदा केला की नव्या गाड्यांचे सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर यावे. हे मोजायची चाचणी जुनी आणि लाडावलेली होती. वीसेक मिनिटांची, त्यात ० ते ५० हा वेग गाठायला २६ सेकंद! इतक्या हलक्या पायाने चालवले तर लहान टर्बो इंजिन कागदावर फार काटकसरी दिसते. रस्त्यावर पाय दाबला की ती काटकसर आटते. म्हणजे गिऱ्हाइकाला जे ‘कार्यक्षमता’ म्हणून विकले गेले, त्यातले बरेचसे परीक्षेपुरते पाठांतर होते. इथे शुद्धतावाद्यांची तक्रार रास्त आहे.

१५/
त्याच दडपणाखाली सप्टेंबर २०१५ मध्ये पोर्शेने साध्या ९११ कॅरेरालाही टर्बो दिला. आधीची ३.४ लिटरची एनए : ३५० अश्वशक्ती, ३९० न्यूटन-मीटर, तेही मिनिटाला ५,६०० फेऱ्यांवर. नवी ३ लिटरची टर्बो : ३७० अश्वशक्ती आणि ४५० न्यूटन-मीटर, १,७०० फेऱ्यांपासूनच. भक्तांनी सुतक पाळले. ‘आवाज मेला’ असा आक्रोश झाला. पण ज्या एनए ९११ च्या आवाजासाठी हे अश्रू होते, तिच्यात इंजिनाचा नाद पडद्यातून आणि नळीतून मुद्दाम केबिनमध्ये आणून सोडण्याची व्यवस्था कारखान्यानेच केली होती. शुद्ध स्वरालाही नळ जोडलेला होता.

१६/
पुढचा आघात २०१६ चा. बॉक्स्टर आणि केमन यांचे नाव ७१८ झाले. सहा सिलिंडरची एनए इंजिने गेली, चार सिलिंडरची टर्बो आली. आवाज खरोखरच घोगरा झाला. ते मलाही मान्य. पण इथे एक घोटाळा झाला, जो आजही चालू आहे. आवाज बदलला तो मुख्यतः सिलिंडर सहाचे चार झाले म्हणून. सहा सिलिंडरची टर्बो ९११ तशी खोकत नाही. दोन बदल एकाच दिवशी झाले आणि दोन्हींचे पाप टर्बोच्या माथी मारले गेले. कुठला अवगुण कशाचा हे न तपासता दिलेला निवाडा म्हणजे न्याय नव्हे.

१७/
आणि आता या कथेतला खरा तपशील. २०२० साली ७१८ जीटीएसमध्ये ४ लिटरचे, सहा सिलिंडरचे एनए इंजिन परत आले. जल्लोष झाला : शुद्धता परतली! हे इंजिन कुठून आले? त्याच काळातल्या ९११ कॅरेराच्या टर्बो इंजिनांच्या घराण्यातून. टर्बो काढले, आकार वाढवला. वर धुरातले कण अडवणारी गाळणी बसवली, आणि हलक्या पायावर सहापैकी तीन सिलिंडर झोपवण्याची सोय केली, जेणेकरून इंधनाचा हिशेब जुळावा. ज्याला तुम्ही नियमांविरुद्धचे बंड समजता, तो टर्बोचा सख्खा भाऊ आहे आणि नियमांच्याच शाळेत शिकला आहे.

१८/
या दोन जीटीएस शेजारी ठेवा. इतकी स्वच्छ तुलना इतिहासात क्वचितच मिळते. हाती गिअर बदलण्याच्या रूपात २.५ लिटर टर्बो : ३६५ अश्वशक्ती, ४२० न्यूटन-मीटर, १,९०० फेऱ्यांपासून. ४ लिटर एनए : ४०० अश्वशक्ती, टॉर्क तोच ४२०, पण ५,००० फेऱ्यांपासून. शून्य ते शंभर : ४.६ आणि ४.५ सेकंद. चाकांना पिळणारा जास्तीत जास्त जोर न्यूटन-मीटरपर्यंत समान! फरक एवढाच की एकीत तो दारातच भेटतो, दुसरीत तीन जिने चढून जावे लागते. टर्बो की एनए या वादाचे सारे सार या एका वाक्यात आहे.

१९/
मग प्रश्न उरतो : तुमच्या रोजच्या रस्त्यावर ते तीन जिने चढायला जागा आहे का? ४ लिटरच्या जीटीएसचे गिअर इतके लांब आहेत की दुसऱ्याच गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत नेली तर ती ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जाते. समृद्धी महामार्गाची कमाल मर्यादाच १२० आहे! जर्मनीच्या मोकळ्या महामार्गावर किंवा ट्रॅकवर ते इंजिन स्वर्ग दाखवते. घाटात, गर्दीत, मर्यादेच्या आत मात्र त्याचा उत्तम भाग कपाटात बंद राहतो आणि १,९०० फेऱ्यांवर जागे असलेले टर्बो इंजिन प्रत्येक वळणावर हाताशी येते. आणि तीन-चार हजार मीटरवरच्या खिंडीत गेलात, तर मॉस साहेबांचा १९१८ चा धडा आठवेल.

२०/
‘पण एनए टिकते, टर्बो बिघडते’, हा पुढचा मंत्र. पोर्शेचाच दाखला घ्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंतच्या पाण्याने थंड होणाऱ्या एनए बॉक्स्टर आणि ९११ कॅरेरा यांतल्या काही इंजिनांत मधल्या शाफ्टचे बेअरिंग फुटून संपूर्ण इंजिन निकामी होई. आयएमएस ही तीन अक्षरे उच्चारताच वापरलेली ९११ शोधणाऱ्याचा चेहरा उतरतो तो याचसाठी. त्याच पिढीच्या ९११ टर्बोत शर्यतीच्या इंजिनाशी नाते सांगणारे वेगळे इंजिन होते आणि त्याला हा रोग नव्हता. टर्बोत सुटे भाग जास्त, उष्णता जास्त, हे खरेच. पण टिकाऊपणा हा विशिष्ट इंजिनाचा गुण असतो, जातीचा नव्हे.

२१/
न्यायाने बोलायचे तर एनएकडे एक गोष्ट आहे जी कोणताही टर्बो पूर्णपणे देऊ शकत नाही : पाय आणि इंजिन यांच्यामधला सरळ संवाद. जितका दाब, तितकेच उत्तर, त्याच क्षणी. फेऱ्या वाढत जाताना जोर आणि स्वर एकत्र चढत जातात आणि शिखर वरच्या टोकाला येते. ज्याला ती चढणच प्रिय आहे त्याने एनए घ्यावी, कोणालाही स्पष्टीकरण न देता. हे सुख आहे, आणि सुख हे गाडी घेण्याचे पुरेसे कारण आहे. माझा आक्षेप एवढाच की सुखाला धर्म बनवू नका.

२२/
कारण धर्म झाला की दक्षिणा लागते. आज ९११ मध्ये एनए इंजिन हवे असेल तर साधी कॅरेरा उपयोगाची नाही. जीटी३ घ्यावी लागते आणि तिची किंमत कॅरेरापेक्षा खूपच वर आहे. कालपर्यंत जे सर्वांत साध्या ९११ मध्ये मिळत असे, ते आज ‘शुद्धता’ म्हणून चढ्या भावाने विकले जाते. आपण जितका हा मंत्र घोकू तितका तो भाव चढेल. आणि ‘टर्बो’ या शब्दाचे काय? २०१९ पासून तो पोर्शेच्या विजेवरच्या टायकानच्या पाठीवरही आहे, जिच्यात धूरच नाही. दोन्ही शब्द आता लेबले झाली आहेत आणि लेबलांचा लाभ दुकानदारालाच होतो.

२३/
म्हणून निवड करायची असेल तर तीन प्रश्न पुरेत. मी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर गाडी चालवतो? माझ्या रस्त्यांची उंची, वळणे आणि वेगमर्यादा काय आहेत? आणि या विशिष्ट इंजिनाचा, या विशिष्ट वर्षाचा लौकिक काय आहे? यांची उत्तरे प्रामाणिकपणे द्या आणि मग दोन्ही गाड्या चालवून पाहा. उत्तर टर्बो आले तर मान खाली घालू नका. एनए आले तर सोवळे नेसू नका.

२४/
भांडायचेच असेल तर ते निवडीसाठी भांडा. एकाच गाडीत दोन्ही इंजिने मिळावीत, ही मागणी रास्त आहे. खोटी काटकसर दाखवणाऱ्या चाचण्यांवर बोला, जे साधे होते ते महाग का झाले, हे विचारा. एकशेवीस वर्षांच्या या इतिहासात इंजिने करांनी, बंदींनी, टंचाईने आणि चाचण्यांनी घडवली. दोन्ही जातींची, सारखीच. हवा स्वतःहून आली की ढकलून आणली, याने इंजिन पवित्र वा भ्रष्ट ठरत नाही. धागा समाप्त. मतभेद असल्यास आकड्यांसह यावे.